पुस्तकाचा पत्ता

पुण्याच्या सदाशिव पेठेत, एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर, एक ग्रंथालय होते. लाकडी जिना चढून गेले की समोर लांबच लांब दालन लागे आणि त्यात छतापर्यंत पोहोचलेली फडताळे ओळीने उभी असत. एके दिवशी सायंकाळी बारा वर्षांचा एक मुलगा तेथे खिडकीपाशी वाचीत बसला होता. पुस्तक ग्रहताऱ्यांविषयी होते. शनीभोवतीच्या कड्यांचे वर्णन अर्ध्यावर आले असता ग्रंथालय बंद होण्याची घंटा वाजली. पुस्तक घरी न्यावे, तर त्याच्या नावावर आधीच एक पुस्तक होते. तेथेच ठेवावे, तर उद्या दुसरेच कोणी ते घेऊन जाईल. मुलाने इकडेतिकडे पाहिले आणि कोणाचे लक्ष नाही असे दिसताच ते पुस्तक एका फडताळात, जाड ग्रंथांच्या मागे, सरकवून दिले.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा ग्रंथपालांच्या मेजापाशी त्याच्याच वयाची एक मुलगी उभी होती. पर्वतीच्या पायथ्यापासून ती चालत आली होती. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत तिला सूर्यमालेवर बोलावयाचे होते, स्पर्धा दुसऱ्याच दिवशी होती, आणि तिला नेमके तेच पुस्तक हवे होते. ग्रंथपालांनी नोंदी पाहिल्या. पुस्तक कोणी नेलेले नव्हते. म्हणजे ते आपल्या जागी असावयास हवे होते. ते उठून त्या जागी गेले. शेजारचे खण पाहिले, मेजांवर पडलेली पुस्तके पाहिली. अखेर त्यांना म्हणावे लागले, “बाळ, पुस्तक ग्रंथालयात आहे; पण ते सापडत नाही.” मुलगी खिन्न होऊन परत गेली.

मुलाला राहवेना. ती जिना उतरते न उतरते तोच तो फडताळांकडे धावला. परंतु सारी फडताळे सारखीच, सारे जाड ग्रंथही सारखेच! आपण ते पुस्तक कोणत्या फडताळात, कितव्या खणात ठेवले, हे त्याला आठवेना. ज्याने लपविले होते, त्यालाच ते सापडेना. तेव्हा खाली मान घालून तो मेजापाशी आला आणि म्हणाला, “काका, ते पुस्तक मी लपविले. पण आता मलाही ते मिळत नाही.”

वृद्ध ग्रंथपाल रागावले नाहीत. क्षणभर थांबून ते म्हणाले, “येथे वीस हजार पुस्तके आहेत. वाचकाच्या दृष्टीने जागा चुकलेले पुस्तक आणि जळून गेलेले पुस्तक यांत काहीच फरक नाही. ते शोधावयाचे, तर उपाय एकच. एकेक फडताळ नोंदींशी पडताळून पाहिले पाहिजे. रोज सायंकाळी तासभर येशील का?”

मुलाने होकार दिला आणि दुसऱ्याच दिवसापासून काम सुरू झाले.

पहिल्या सायंकाळी ग्रंथपालांनी त्याच्यापुढे एक भलीमोठी वही उघडून ठेवली. ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक प्रथम या वहीत नोंदले जाते. पुस्तक केव्हा आले, कोणाकडून आले, लेखक कोण, किंमत किती, हे सारे तीत लिहून पुस्तकाला एक अनुक्रमांक देतात. त्यास दाखल क्रमांक असे म्हणतात. घरात मूल जन्मले म्हणजे त्याची जन्मनोंद होते. तशीच ही पुस्तकाची नोंद. एका पुस्तकाचा क्रमांक दुसऱ्यास कधीही देत नाहीत. पुस्तक फाटून गेले किंवा हरवले, तर त्याच नोंदीपुढे तसे लिहून ठेवतात. त्यामुळे ग्रंथालयात काय आहे आणि काय गेले, याचा हिशेब कायम राहतो.

“अशा वह्या पुण्यात केव्हापासून लिहीत आले असतील?” मुलाने विचारले.

ग्रंथपालांनी त्याला पुण्याच्या पहिल्या सार्वजनिक ग्रंथालयाची हकिकत सांगितली. पूर्वी पोथ्या रुमालात बांधून घरोघरी किंवा मठांतून ठेवलेल्या असत. ज्याची पोथी, त्याच्याच कुटुंबाला किंवा शिष्यांना तिचा लाभ होई. पुढे छापील पुस्तके निघू लागली. विद्या सर्वांसाठी खुली असावी असे ज्यांना कळकळीने वाटत होते, त्यांत ‘लोकहितवादी’ या नावाने प्रसिद्ध असलेले गोपाळ हरी देशमुख हे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने १८४८ मध्ये पुण्यात ‘पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी’ स्थापन झाली. तीच संस्था आज ‘पुणे नगर वाचन मंदिर’ या नावाने ओळखली जाते. एकाच्या घरातील पोथी एकाच घराची असते. परंतु ग्रंथालयातील पुस्तक साऱ्या गावाचे असते. हे ऐकून मुलगा काही बोलला नाही, पण त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या सायंकाळी ग्रंथपालांनी मुलाला एका पुस्तकाच्या पाठकण्यावरील चिठ्ठी दाखविली. तीवर ‘५२३’ असा अंक आणि त्याखाली लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरे लिहिलेली होती.

“समज, तुला कोणी पत्र पाठविले आणि त्यावर तुझे नाव व ‘पुणे’ एवढेच लिहिले, तर ते तुला मिळेल काय?” त्यांनी विचारले.

“नाही, काका. पेठेचे नाव आणि घराचा क्रमांक हवा.”

“पुस्तकाचेही तसेच आहे. ५२३ ही त्याची पेठ आणि लेखकाची अक्षरे हा त्याचा घरक्रमांक. या दोहोंस मिळून बोधांक म्हणतात. बोधांक हा पुस्तकाचा पत्ता होय.”

ग्रंथांच्या या पेठा वसविणाऱ्यांत अमेरिकेतील मेल्विल ड्युई यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांनी १८७६ मध्ये आपली दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. सर्व ज्ञानाचे त्यांनी दहा मोठे वर्ग पाडले. सर्वसामान्य ज्ञानाला, म्हणजे ज्ञानकोशांसारख्या ग्रंथांना, ०००; तत्त्वज्ञानाला १००; धर्माला २००; समाजशास्त्रांना ३००; भाषेला ४००; विज्ञानाला ५००; उपयोजित शास्त्रांना ६००; कलांना ७००; साहित्याला ८००; आणि इतिहास व भूगोल यांना ९००. मग प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा भाग, त्या भागांचे पुन्हा दहा, असे विषय सूक्ष्म होत जातात. ५०० म्हणजे विज्ञान, ५२० म्हणजे खगोलशास्त्र, आणि ५२३ म्हणजे सूर्य, ग्रह, तारे यांचे वर्णन. पक्ष्यांची पुस्तके ५९८ मध्ये येतात आणि मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येते. म्हणून सारखे विषय शेजारी शेजारी राहतात. पक्ष्यांचे एक पुस्तक शोधावयास गेलेल्या वाचकाला त्याच खणात आणखी चार सापडतात.

आपल्या देशात या शास्त्राचा पाया रुंद करणारे दोन पुरुष ग्रंथपालांच्या विशेष आदराचे होते. पहिले, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावी जन्मलेल्या या राजाने आपल्या राज्यातील खेड्यापाड्यांतून ग्रंथालये काढण्याचा संकल्प केला. त्यासाठी १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या तज्ज्ञ ग्रंथपालास बोलावून घेतले. पुस्तके सांभाळणे हे केवळ कपाटांच्या किल्ल्या सांभाळणे नव्हे, ते शिकावे लागते, हे जाणून १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्गही सुरू झाला. ज्या गावी ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या पाठविण्यात येत.

दुसरे, डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रारंभी त्यांना हे काम इतके कंटाळवाणे वाटले, की त्यांनी पुन्हा अध्यापनाकडे जाण्याची इच्छा दाखविली होती. परंतु पुढे लंडनला जाऊन त्यांनी हे शास्त्र शिकून घेतले आणि तेथील अनेक ग्रंथालये पाहिली. लंडनमधील एका दुकानात त्यांनी मुलांचे एक खेळणे पाहिले. त्यातील पट्ट्या आणि चाके खिळ्यांनी जोडली, म्हणजे त्याच तुकड्यांतून कधी गाडी तर कधी यारी तयार होई. विषयांचेही असेच सुटे भाग पाडून ते चिन्हांनी जोडता येतील, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातूनच त्यांची ‘द्विबिंदू वर्गीकरण पद्धती’ निघाली. ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. गणिताच्या अध्यापकाला एका खेळण्याने वाट दाखविली, हे ऐकून मुलाला मोठी मौज वाटली.

त्याआधी, १९३१ मध्ये, डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांचा आशय अगदी साधा आहे. पुस्तके कुलपात जपण्यासाठी नसून उपयोगासाठी असतात. वाचक कोणीही असो, त्याला हवे असलेले पुस्तक त्याच्या हाती पडले पाहिजे. प्रत्येक पुस्तकालाही आपला वाचक लाभला पाहिजे. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय सतत वाढत जाणारे असल्यामुळे त्या वाढीची सोय आधीच करून ठेवली पाहिजे.

मुलाने ही सूत्रे बोटांवर मोजली. मग तो हळूच म्हणाला, “काका, यांतली पहिली चार तर मी एकाच दिवशी मोडली.” ग्रंथपाल हसले. “म्हणूनच ती आता तुला जन्मभर विसरावयाची नाहीत,” ते म्हणाले.

तिसऱ्या सायंकाळी पाळी आली ती छोट्या छोट्या खणांच्या लाकडी कपाटाची. प्रत्येक खणात ७.५ सेंटिमीटर उंचीची आणि १२.५ सेंटिमीटर रुंदीची जाड पत्रे एका सळईत ओवून अक्षरानुक्रमे लावलेली होती. वाचकाला पुस्तकाचा बोधांक ठाऊक नसतो. कोणाला फक्त लेखकाचे नाव ठाऊक असते, कोणाला पुस्तकाचे, तर कोणाला केवळ विषय. म्हणून एकाच पुस्तकासाठी लेखकाचे, ग्रंथनामाचे आणि विषयाचे अशी वेगवेगळी पत्रे करतात. कोणत्याही दाराने आत आले, तरी वाचक त्याच पुस्तकापाशी पोहोचतो. या कामास तालिकीकरण असे म्हणतात.

“पण काका, ग्रंथपाल हुशार असेल, तर त्याला सारे पाठच असेल. मग एवढे लिहावयाचे कशाला?”

“मी उद्या आलो नाही, तर?” ग्रंथपाल म्हणाले. “स्मरण माणसाबरोबर जाते, सूची मागे राहते.”

आणि मग त्यांनी पुण्यातीलच एक उदाहरण सांगितले. मुंबई सरकारने १८६६ पासून जुन्या हस्तलिखितांचा शोध सुरू केला होता. त्या कामी ब्यूलर, कीलहॉर्न यांसारख्या पाश्चात्त्य पंडितांबरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीही अपार श्रम केले. कोणती पोथी कोठे मिळाली, तिचा विषय काय, कर्ता कोण, याचे वृत्तांत त्यांनी लिहून ठेवले. त्यांच्या गौरवार्थ ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजातील तो सरकारी हस्तलिखितसंग्रह संस्थेकडे आला. भांडारकरांनी स्वतःची ग्रंथसंपदाही संस्थेला दिली. याच संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम हाती घेतले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील हजाराहून अधिक हस्तलिखिते मिळवून, त्यांतील पाठ ताडून पाहून, १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. काश्मीरची पोथी कोठे आहे आणि केरळची कोठे, हे पुण्यात बसलेल्या पंडितांना कळावे कसे? कोणीतरी, कधीतरी, निमूटपणे याद्या करून ठेवल्या होत्या, म्हणूनच ते कळू शकले.

दुसरे उदाहरण शंकर गणेश दाते यांचे. मराठीत आजवर किती पुस्तके छापली गेली आणि ती कोणती, हे एके काळी कोणालाच नीट सांगता येत नसे. १९०५ मध्ये जन्मलेल्या दाते यांनी हे काम अंगावर घेतले. ठिकठिकाणच्या ग्रंथसंग्रहांतील पुस्तके तपासून त्यांनी विषयवार नोंदी केल्या. १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा दुसरा भाग १९६१ मध्ये निघाला. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, ते निवर्तले. सूची करणाऱ्याला कवीसारखी कीर्ती मिळत नाही. परंतु जे पुस्तक आज कोणाच्याही स्मरणात नाही, तेही एके काळी होते याची साक्ष ती सूची देते.

चौथ्या आणि पाचव्या सायंकाळी मुलगा व ग्रंथपाल फडताळामागून फडताळ पाहत गेले. ग्रंथपाल यादीतील क्रमांक वाचीत आणि मुलगा पुस्तकावर बोट ठेवून “आहे” असे म्हणे. त्या ओघात कितीतरी चुकलेली पुस्तके सापडली. बागकामाचे पुस्तक नाटकांत जाऊन बसले होते. एक प्रवासवर्णन व्याकरणाच्या खणात होते. प्रत्येकाला त्याच्या जागी नेऊन ठेवताना मुलाला वाटे, की वाट चुकलेल्या कोणाला तरी आपण घरी पोहोचवीत आहोत.

सहाव्या सायंकाळी ते महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या खणापाशी आले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी सिद्ध केलेले ते तेवीस खंड एका ओळीत उभे होते. मुलाने एकेक खंड मोजला, आणि शेवटचे दोन पुढे ओढताच मागून एका पातळ पुस्तकाचा कोपरा दिसला. तेच ते ग्रहताऱ्यांचे पुस्तक! विज्ञानाच्या पेठेतील ते पुस्तक सात दिवस शून्याच्या पेठेत अडकून पडले होते.

मुलाला अत्यंत आनंद झाला. पण लगेच त्याचा चेहरा उतरला. “काका, तिची स्पर्धा तर होऊन गेली.”

“होय. ती वेळ काही परत आणता येणार नाही,” ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी सभासदांची वही उघडली, तीतील एक पत्ता काढला आणि एक कोरे पोस्टकार्ड मुलापुढे ठेवले. मुलाने त्यावर लिहिले, की पुस्तक सापडले आहे. ते माझ्या चुकीमुळे मिळाले नव्हते. आपल्यासाठी ते मेजावर राखून ठेवले आहे. पत्ता लिहिताना त्याने भागाचे नाव आणि घराचा क्रमांक दोनदा तपासून पाहिला.

तीन दिवसांनी ती मुलगी आली. पुस्तक घेऊन ती खिडकीपाशी बसली आणि काही वेळाने म्हणाली, “शनीच्या कड्यांविषयी मला स्पर्धेत काहीच सांगता आले नव्हते.” मुलाने तिची क्षमा मागितली. त्या सायंकाळी दोघांनी ते प्रकरण मिळून वाचले. घंटा वाजली, तेव्हा मुलाने पुस्तक उचलले, पाठकण्यावरचा अंक पाहिला आणि ते ५२३ च्या खणात, नेमक्या जागी, उभे करून ठेवले.

आज अनेक ग्रंथालयांत पत्रांच्या कपाटांची जागा संगणकाने घेतली आहे. एखादे नाव टंकित केले, की पुस्तकाचा बोधांक पडद्यावर उमटतो. पुण्याच्या विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे रीतसर शिक्षण मिळते. परंतु संगणकदेखील केवळ पत्ता सांगू शकतो. त्या पत्त्यावर पुस्तक असणे हे वाचकाच्या हाती असते. भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला केला, तेव्हा तेथील ग्रंथ आणि हस्तलिखिते जमिनीवर विखुरली गेली. अनेक वर्षांच्या परिश्रमाने लावलेली रचना मोडावयास थोडा वेळ पुरतो. ती पुन्हा लावण्यास मात्र एकेक ग्रंथ हाती घ्यावा लागतो. अशा प्रसंगी काय होते आणि काय उरले, हे सांगावयास जुन्या नोंदीच उपयोगी पडतात.

ग्रंथालयात शिरणारा प्रत्येक वाचक त्या रचनेचा एक राखणदार असतो. वाचून झालेले पुस्तक ठरल्या जागी ठेवणे, किंवा जागा ठाऊक नसेल तर ते ग्रंथपालांच्या हाती देणे, ही गोष्ट दिसावयास लहान आहे. पण कोणीतरी कोठून तरी चालत त्याच पुस्तकासाठी येत असते.

स्वाध्याय

१. मुलाने पुस्तक का लपविले? त्याचा परिणाम कोणाकोणावर झाला?
२. दाखल क्रमांक आणि बोधांक यांत काय फरक आहे?
३. ग्रंथपालांनी पुस्तकाच्या बोधांकाची तुलना कशाशी केली? ती तुम्हांस योग्य वाटते काय? कारण द्या.
४. “स्मरण माणसाबरोबर जाते, सूची मागे राहते.” या वाक्याचा अर्थ पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
५. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातील कोणतीही दहा पुस्तके घेऊन त्यांची लेखकांच्या नावांप्रमाणे आणि विषयांप्रमाणे अशा दोन याद्या तयार करा.